जुन्या वस्तूंची विक्री आणि श्रावकाची वही

पर्युषण आटोपले की व्यापारी कुटुंबांना दिवाळीच्या आवराआवरीचे वेध लागतात. माळ्यावरची पेटी खाली येते. तिच्यातून बंद पडलेला मिक्सर, मुलांची गेल्या इयत्तेची पुस्तके, आजेसासूबाईंचा पितळी डबा आणि एकदाच वापरलेली कॉफीची किटली बाहेर पडते. एके काळी अशा वस्तूंची वाट ठरलेली असे. दुपारच्या निवांत वेळी बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आळीत येई, उंबऱ्यावर बसे आणि तीन जुन्या साड्यांना एक पातेले की दोन, यावर अर्धा तास घासाघीस चाले. रद्दीवाला तराजू घेऊन येई. जरीची जुनी वस्त्रे मात्र वेगळी निघत, कारण त्यांच्या जरीतील चांदीची किंमत घरातील वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असे.

हाच व्यवहार आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला आहे. अमेरिकेत १९९५ साली ‘ईबे’ हे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता, आणि त्याला १४.८३ डॉलर मिळाले होते. भारतात २००० साली मुंबईतून ‘बाझी’ सुरू झाले आणि २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले. पुढे ‘ओएलएक्स’, ‘क्विकर’ आणि ‘फेसबुक मार्केटप्लेस’ यांनी हा बाजार घराघरांत पोहोचवला. आता अनेक गृहिणी, निवृत्त गृहस्थ आणि महाविद्यालयीन मुले घरातील अडगळ विकण्यावर थांबत नाहीत. इतरांकडून जुन्या वस्तू स्वस्तात घेऊन, पुसून, दुरुस्त करून त्या पुन्हा विकतात. घरखर्चाला हातभार लावणारा हा मार्ग खरा आहे. मात्र त्यात उतरण्यापूर्वी त्याचा हिशेब आणि त्याचा धर्म, दोन्ही नीट पाहावे लागतात.

पनवेलची अनुकूलता

पनवेल हे बाजाराचे जुने गाव. खाडीवरचे बंदर आणि घाटाकडे जाणारा रस्ता यांच्यामुळे येथे व्यापार वाढला. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये येथील बैलगाडीच्या चाकांचा उल्लेख आहे. घाटावरून माल घेऊन येणारा गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जाई. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत जुन्या गावाबरोबर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर आणि तळोजे ही वस्ती आली. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यावर नोकरीनिमित्त येणाऱ्यांची वर्दळ आणखी वाढणार आहे.

अशा वस्तीत जुन्या वस्तूंचा ओघ सतत राहतो. भाड्याचे घर अकरा महिन्यांच्या कराराचे असते. बदली झाली की पलंग, कपाट, वॉशिंग मशीन आठवड्याभरात काढावे लागते. त्याच आठवड्यात दुसऱ्या इमारतीत नवे बिऱ्हाड येते आणि त्याला नेमक्या याच वस्तू हव्या असतात. एकाला नकोशी झालेली आणि दुसऱ्याला हवी असलेली वस्तू यांच्यातील अंतर मिटवणे, हाच या धंद्याचा गाभा आहे. तयार वस्तू पुन्हा वापरात येते तेव्हा तेवढा नवा आरंभ-समारंभही टळतो, आणि जैन गृहस्थाला हे समाधान थोडे नाही.

नफा किती आणि रोकड किती

या धंद्यातील पहिली फसगत स्वतःच्या हिशेबात होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, जुन्या पनवेलमधील एका गृहिणीने एका महिन्यात प्रत्येकी सरासरी ४०० रुपयांना २० वस्तू घेतल्या. खरेदी झाली ८,००० रुपयांची. त्यांपैकी १४ वस्तू सरासरी ८५० रुपयांना विकल्या गेल्या आणि ११,९०० रुपये आले. चारशेची वस्तू साडेआठशेला गेली, म्हणजे दामदुप्पट नफा, असे घरात सर्वांना वाटेल.

आता वही उघडू. एक वस्तू परत आली, तिचे ८५० रुपये परत द्यावे लागले. खरी विक्री १३ वस्तूंची, ११,०५० रुपये. त्यांची खरेदी किंमत ५,२००. ढोबळ नफा ५,८५०. खर्चात आणणावळ ७००, दुरुस्ती-सफाई ६५०, बांधणीचे खोके-कागद ४५०, कुरिअर १,०४० आणि परत आलेल्या वस्तूचे कुरिअर १६०, असे एकूण ३,०००. उरले २,८५०. परत आलेली वस्तू वाटेत फुटली, म्हणून तिचे ४०० रुपये वजा. निव्वळ नफा २,४५० रुपये.

पुढचा प्रश्न रोकडीचा. खरेदी आणि खर्च मिळून ११,००० रुपये बाहेर गेले, ११,०५० आत आले. हातात वाढले केवळ ५० रुपये. उरलेला २,४०० रुपयांचा नफा पलंगाखाली ठेवलेल्या सहा न विकलेल्या वस्तूंच्या रूपात अडकला आहे. या कामाला महिन्यात ४० तास लागले असतील, तर तासाला सुमारे ६१ रुपये पडले.

हा आकडा निराश करण्यासाठी मांडलेला नाही. घरबसल्या, सवडीने मिळणारे ६१ रुपये एखाद्या कुटुंबाला मोलाचे असतात. पण दुकानदारी पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या घरांतील माणसेसुद्धा जुन्या वस्तूंच्या बाबतीत शिल्लक मालाची मोजदाद विसरतात. वर्षअखेरीस शिल्लक माल खरेदी किंमत किंवा विकून मिळू शकणारी किंमत, यांपैकी जी कमी असेल तिने धरावा, हा लेखापालनाचा नियम येथेही लागू आहे. ४५ दिवसांत न विकलेली वस्तू खरेदीच्या भावाने काढावी किंवा गरजूला देऊन टाकावी, असा काहीतरी दंडक स्वतःला घालून घ्यावा. अन्यथा दुसऱ्याची अडगळ पैसे देऊन आपल्या घरात आणली, एवढेच होते. आणि परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या घरात तर हा विचार आधीच झाला पाहिजे.

कोणत्या वस्तू निवडाव्यात

आरंभ पुस्तकांपासून करणे सर्वांत सोयीचे. पाठ्यपुस्तके, सनदी लेखापाल आणि स्पर्धा परीक्षांची संदर्भपुस्तके फुटत नाहीत, बिघडत नाहीत, आणि छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. मात्र अभ्यासक्रम बदलला की जुन्या आवृत्तीची रद्दी होते, म्हणून आवृत्तीचे वर्ष पाहूनच खरेदी करावी. त्यानंतर लहान मुलांच्या सायकली, पाळणे, अभ्यासाची मेजे, शिलाई यंत्रे आणि पितळी-तांब्याची भांडी यांचा क्रम लागतो. जड फर्निचरात नफा दिसतो, पण टेम्पोचे भाडे आणि हमाली तो खाऊन टाकते. ते विकायचे असेल तर त्याच वसाहतीत विकावे.

काही वस्तू मात्र जैन घराने घेऊच नयेत. श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, विषवाणिज्य असे व्यापार वर्ज्य मानले आहेत. जुन्या सामानात हस्तिदंताची फणी किंवा डबी निघते आणि मोहात पाडते. हस्तिदंताचा व्यापार धर्माप्रमाणेच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वयेही बंद आहे. चामड्याच्या नामांकित पिशव्यांना चांगला भाव मिळतो, हे खरे. परंतु त्या भावाचा मोह आपल्या दाराशी किती येऊ द्यायचा, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे.

वस्तू आली कोठून?

बोहारणीच्या व्यवहारात एक गोष्ट आपोआप साधत असे. साडी देणारी बाई त्याच घराच्या उंबऱ्यावर उभी असे, त्यामुळे वस्तू कोणाची, हा प्रश्नच पडत नसे. आजचा विकणारा म्हणजे पडद्यावरचे एक नाव आणि एक लहानसे चित्र. जुन्या वस्तूंच्या धंद्यातील खरा धोका येथे आहे.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचा, म्हणजे अचौर्याचा, येथे नित्य कस लागतो. उभय परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते आज वाचताना जुन्या मालाच्या बाजाराकडे पाहूनच लिहिले असावेत, असे वाटते. त्यांतील ‘तदाहृतादान’ म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. स्वतः चोरी केली नाही, कोणाला चोरी करण्यास सांगितलेही नाही. केवळ स्वस्त मिळाली म्हणून घेतली. शास्त्राने ही पळवाट तेव्हाच बंद केली.

देशाचा कायदाही तेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘तसे मानण्यास कारण’ हे शब्द व्यापाऱ्याने लक्षात ठेवावेत. चाळीस हजारांचा भ्रमणध्वनी कोणी बिलाविना, खोक्याविना सहा हजारांना देऊ लागला, तर तो भावच कारण ठरतो. शिवाय चोरीच्या वस्तूवर विकणाऱ्याचा हक्क नसल्याने घेणाऱ्यालाही हक्क मिळत नाही. मूळ मालक सापडला की वस्तूही जाते आणि पैसेही जातात.

म्हणून जुना भ्रमणध्वनी घेताना मूळ बिल मागावे. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश हा क्रमांक फिरवला की त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलाशी आणि खोक्याशी ताडून पाहावा, आणि केंद्रीय दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासावा. चोरीला गेला म्हणून तक्रार होऊन बंद केलेला फोन तेथे कळतो. ही दोन मिनिटांची तपासणी टाळून मिळवलेला नफा मुनाफा म्हणून वहीत लिहिता येणार नाही.

दुसरा अतिचार ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे खोटे वजन-माप. आज तराजूची जागा छायाचित्राने घेतली आहे. ओरखडा झाकणारा कोन निवडणे, पाच वर्षांच्या यंत्राला ‘जवळजवळ नवे’ म्हणणे, हे मापात मारणेच होय. दोषाचे छायाचित्र आधी टाकावे. त्याने दोन गिऱ्हाइके कमी येतील, पण आलेला माल परत येणार नाही; आणि परत आलेल्या एका वस्तूची किंमत वरच्या हिशेबात दिसलीच आहे. ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे अस्सलाच्या नावावर नक्कल विकणे. नामांकित घड्याळाची ‘फर्स्ट कॉपी’ विकणारा कितीही गोड बोलला, तरी तो याच सदरात येतो.

मूर्ती आणि पोथी

जुन्या सामानाच्या ढिगात कधी तरी पितळेची लहान जिनप्रतिमा निघते, किंवा लाल कापडात बांधलेली हस्तलिखित पोथी निघते. अशा वेळी भाव विचारण्याआधी थांबावे. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या परवान्याविना पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठवता येत नाहीत. ‘अँटिक’ असे लिहून छायाचित्र टाकणारी व्यक्ती स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच प्रसिद्ध करीत असते.

कायद्यापलीकडची गोष्ट अधिक मोठी आहे. ती प्रतिमा कोणत्या तरी देरासरातून किंवा घरदेरासरातून निघालेली असणार. ती सापडली तर स्थानिक संघाच्या विश्वस्तांना दाखवावी, साधू-साध्वींचे मार्गदर्शन घ्यावे आणि चोरीची शंका असल्यास पोलिसांना कळवावे. पोथीसाठी पुण्याची १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे, आपल्या समाजाचे ज्ञानभांडार आहेत. जिनवाणीची पाने ‘घर सजवण्यासाठी उत्तम’ अशा शब्दांत विकली जाताना पाहणे कोणाही श्रावकाला सहन होऊ नये.

अज्ञानाचा भाव

आणखी एक प्रश्न कायदा विचारत नाही, पण मन विचारते. विकणाऱ्यास वस्तूची किंमतच ठाऊक नसेल तर? एखादी वृद्ध बाई पतीच्या पश्चात घर आवरताना चांदीचा मुलामा समजून अस्सल चांदीचे ताट दोनशे रुपयांना देऊ लागली, तर घेणाऱ्याने गप्प राहावे काय?

मुंबईत जवाहिराचा व्यापार करणारे आणि महात्मा गांधींनी ज्यांचे ऋण मानले, त्या श्रीमद् राजचंद्रांच्या (१८६७–१९०१) चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. एका अरब व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाने मोत्यांचा माल त्यांना विकला. मोठ्या भावाला हे कळले, तेव्हा तो रागावला, कारण तो माल इतक्यात विकायचा नव्हता. घाबरलेला धाकटा भाऊ राजचंद्रांकडे आला. सौदा पक्का झालेला होता आणि त्यात मोठा नफा होता. तरीही त्यांनी माल जसाच्या तसा परत केला. व्यवहार मोडण्याचा हक्क त्या अरबाला नव्हता. तो त्याला राजचंद्रांच्या विवेकाने दिला.

जुन्या मालाच्या धंद्यात कौशल्याचा नफा घेण्यास हरकत नाही. वस्तू ओळखणे, दुरुस्त करणे, योग्य गिऱ्हाईक शोधणे हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाचे मोल घ्यावे. मात्र समोरच्याच्या अडचणीचा किंवा अज्ञानाचा नफा वेगळा काढून पाहावा. त्या बाईला ‘हे चांदीचे आहे’ एवढे सांगून मग भाव ठरवला, तरी घेणाऱ्याचे काही बुडत नाही. पुढच्या वेळी ती शेजारणीलाही त्याच्याकडे पाठवते.

कर आणि कायद्याची बाजू

‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याचे नियम चुकवणे, हाही अचौर्याचा अतिचार आहे. त्यामुळे कराची बाजू थोडक्यात समजून घ्यावी.

घरात वापरलेला स्वतःचा फ्रीज किंवा सोफा विकला, तर त्यावर प्राप्तिकर नाही, कारण वैयक्तिक वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत. दागिने, चित्रे, शिल्पे आणि अन्य कलावस्तू यांना ही सवलत नाही. विकण्याच्या हेतूने घेतलेली वस्तू मात्र व्यापारी माल ठरते आणि तिचा नफा उत्पन्नात येतो. लहान व्यापाऱ्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तीत बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा दाखवता येतो.

पतीने पत्नीला भांडवल भेट म्हणून दिले, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा पतीच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. म्हणून पत्नीने स्त्रीधनातून किंवा स्वतःच्या बचतीतून आरंभ करावा. पतीकडून घेतलेच, तर रीतसर व्याजाने कर्ज घ्यावे आणि ते वहीत लिहावे.

जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात मालाच्या व्यापारासाठी ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर लागते. तथापि करपात्र माल परराज्यात विकणाऱ्यास ही मर्यादा सहसा लागू नसते. पनवेलहून बेळगावला पाठवलेले एक शिलाई यंत्रही प्रश्न उभा करू शकते. ई-व्यापार कंपनीमार्फत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर सूट मिळाली आहे. नोंदणी केलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास, खरेदीवरील कराची वजावट न घेतल्यास, केवळ नफ्याच्या फरकावर कर भरता येतो. १,००० रुपयांची वस्तू १,४०० ला विकली तर कर ४०० वर. २०२५ च्या जुलैत कर्नाटकातील छोट्या दुकानदारांना युपीआयने जमा झालेल्या रकमांच्या आधारे नोटिसा गेल्या होत्या. खात्यातील प्रत्येक जमेचे उत्तर वहीत असावे, हाच त्याचा बोध.

फसवणुकीपासून सावधगिरी

पैसे घेण्यासाठी युपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरातील लहानथोरांनी पाठ करावे. लष्करात असल्याचे भासवून, वस्तू न पाहताच पूर्ण भाव देऊ करणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा गिऱ्हाईक नसून ठग असतो. फसगत झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जुन्या नोटा-नाण्यांना लाखो रुपये देण्याच्या जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच इशारा दिला होता. अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही, असे तिने स्पष्ट केले आहे. या धंद्यासाठी बँकेत स्वतंत्र खाते असावे. कोणा अनोळखी गिऱ्हाइकाने फसवणुकीचा पैसा खात्यात भरला, तर ते गोठवले जाऊ शकते; अशा वेळी निदान घरखर्चाचे खाते अडकत नाही.

वहीतील पाचवा रकाना

दिवाळीला चोपडापूजन होईल. ज्या घरात हा छोटा धंदा सुरू करायचा आहे, त्या घराने एक वेगळी वही घालावी. तीत तारीख, वस्तू, खरेदी आणि विक्री हे चार रकाने असतातच. पाचवा रकाना ‘कोणाकडून घेतली’ असा आखावा. नाव, पत्ता, फोन, बिल पाहिले की नाही, एवढे त्यात लिहावे. पोलीस विचारोत, कर अधिकारी विचारो किंवा गिऱ्हाईक विचारो, उत्तर त्या रकान्यात मिळेल. ज्या वस्तूसमोर तो रकाना भरता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये. आपल्या वाडवडिलांची पत याच सवयीवर उभी राहिली होती. आणि पडद्यावरच्या अनोळखी बाजारात तर अशी पत असलेला विकणारा शोधतच गिऱ्हाईक येते.